मदत हवी आहे : क्रोमियम मुरलेल्या जमिनीवर जिवाणूंचा उपाय

नमस्कार. आमच्या काळ्या जमिनीच्या वरच्या अंगाला पूर्वी क्रोम प्लेटिंगचा एक कारखाना होता. तो बंद पडला, तरी पावसाळ्यात बांधालगतच्या चरातले पाणी आजही पिवळसर दिसते आणि माती परीक्षणात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम ६, आढळले आहे. त्या तुकड्यात भाजीपाला घेणे आम्ही थांबवले आहे.

जिवाणू धातू नष्ट करत नाहीत, मात्र काही जिवाणू पाण्यात सहज विरघळणाऱ्या या विषारी रूपाचे क्रोमियम ३ मध्ये रूपांतर करतात आणि ते बहुतांशी मातीतच जखडून राहते, असे वाचनात आले. त्यांना खाद्य म्हणून मोलॅसिस देतात, आणि साखर कारखान्यांमुळे ते आमच्याकडे सहज मिळते.

मातीचा सामू ८.२ आहे. अशा चुनखडीयुक्त जमिनीत बाहेरून जिवाणू सोडावेत, की तिथल्याच जिवाणूंना मोलॅसिस आणि ओलावा देऊन वाढवावे? खरी काळजी पुढची आहे : मातीतील मँगनीजची ऑक्साइडे क्रोमियम ३ चे पुन्हा क्रोमियम ६ करू शकतात, तेव्हा नांगरट करून हवा खेळू लागल्यावर हा उपाय टिकतो का, आणि ते कोणत्या चाचणीने व किती काळ तपासत राहावे? मृदाशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.