लोशनला बुरशी आली, पॅराबेन न घालता टिकवायचं कसं?

कोरफडवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी आणि माझी जाऊ मिळून घरीच उटणं, जास्वंद-माक्याचं तेल आणि गेल्या वर्षापासून कोरफडीचं बॉडी लोशन बनवतो, बचत गटाच्या प्रदर्शनात विकतो, बाकी ओळखीत व्हॉट्सअ‍ॅपवर. उटण्याची आणि तेलाची आजवर एक तक्रार नाही. लोशनने मात्र घात केला. जूनच्या शेवटी केलेली बॅच, पाचव्या आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला, झाकणाच्या आतून काळे ठिपके आणि म्हणाल्या आंबूस वास येतोय. घरातल्या उरलेल्या बाटल्या उघडल्या तर अकरापैकी चारांत तेच. सगळ्यांचे पैसे परत केले, लाज वाटली ती वेगळीच.

बरं मी काहीच घालत नाही असंही नाही. फळप्रक्रियेचा कोर्स केलाय, त्यामुळे सोडियम बेंझोएट माहितीतलं होतं, सरबतात घालतो तेच. ते अर्धा टक्का आणि पोटॅशियम सॉर्बेट पाव टक्का घातलं होतं. शिवाय व्हिटॅमिन ई. कोरफड घरची, ताजा गर मिक्सरला लावून गाळून घेतलेला, पाणी बोअरचं पण चांगलं वीस मिनिटं उकळलेलं. पॅराबेन (बाजारातल्या क्रीम-लोशनात टिकण्यासाठी घालतात ती रसायनं) घालायचं नाही असं पहिल्यापासून ठरलंय कारण स्टॉलवर येणारी प्रत्येक दुसरी बाई 'पॅराबेन-फ्री आहे ना' एवढंच विचारते. तर मग पॅराबेनऐवजी नक्की काय घालू? नैसर्गिक काही असेल तर उत्तमच.

साबणाची_वडी

अगं बाई, सगळ्यांचं एकदा तरी होतं हे, मनाला लावून घेऊ नकोस. मी फेस क्रीममध्ये ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट घालते आणि वरून टी ट्री ऑईलचे थेंब, मला तरी आजवर बुरशी दिसली नाही. माझी आई तर गुलाबपाण्यात तुरटीचा खडा फिरवायची. आणि व्हिटॅमिन ई जरा वाढवून बघ, तोही प्रिझर्व्हेटिव्हच आहे ना?

विनू_लॅबवाला

साबणाची वडी, राग मानू नका पण तुमच्या पोस्टमधल्या चारही गोष्टींवर बोलावं लागेल. कॉस्मेटिक लॅबमध्ये सतरा वर्षं काढलीत, हे प्रश्न रोजचेच आहेत.

व्हिटॅमिन ई हा अँटिऑक्सिडंट आहे. तो तेल खवट होऊ देत नाही, बस. जंतू आणि बुरशीला त्याचं काही देणंघेणं नसतं, उलट तुम्ही तेल छान जपून ठेवता आणि बुरशी पाण्यात मजेत वाढते. टी ट्री किंवा लवंग तेल जंतू मारतं हे खरं, पण लोशन टिकवायला लागेल एवढं घातलंत तर कातडीची आग व्हायला लागते, आणि दोन थेंब घातले तर फक्त वास येतो. तुरटी आखडवते, दाढीनंतर फिरवायला ठीक, पण तिच्यावर बाटलीभर इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, महिनोन्महिने सोपवायचं म्हणजे कठीणच.

आणि ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टची गंमत ऐका. १९९९ साली जर्मनीत बाजारातले सहा नमुने तपासले. त्यातले पाच जंतू मारत होते आणि त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे सिंथेटिक रसायन सापडलं, काहींत तर ट्रायक्लोसन आणि मिथाइल पॅराबेनसुद्धा. सहाव्यात काहीच मिसळलेलं नव्हतं, आणि तो जंतू मारतही नव्हता. म्हणजे आपण पॅराबेन नको म्हणून जे घेतो त्यात पॅराबेनच असू शकतं, वर लेबलवर ग्रेपफ्रूटचं चित्र.

आता कोरफडवाली ताई, तुमचं. तुम्ही योग्य वस्तू घातली आणि चुकीच्या घरात ठेवली. सरबतात बेंझोएट चालतं कारण सरबत आंबट असतं. बेंझोएट आणि सॉर्बेट ही क्षार आहेत, त्यांचं आम्लात रूपांतर झालं तरच ती जंतूच्या पेशीत शिरतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ४ ला बेंझोएटमधला साधारण ६० टक्के भाग कामाचा असतो, पीएच ५ ला १४ टक्के आणि पीएच ७ ला हजारात दीड-दोन भाग. सॉर्बेटचं जरा बरं, पीएच ५ ला ३५-३७ टक्के, पण ७ ला तेही अर्धा टक्काच. तुमचं लोशन किती पीएचचं आहे ते मोजलंत का? माझा अंदाज सात-साडेसात. बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं आणि उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच आणखी वर जातो. उकळल्याने पाण्यातले जंतू मेले पण तुमचं प्रिझर्व्हेटिव्हही झोपलं.

दुसरं, कोरफडीचा ताजा गर. साखर आहे, शेतातली माती आहे, पाण्याला तोटा नाही. जंतूंना याहून चांगलं घर कुठे मिळणार. कोरफड हवीच असेल तर वाळवलेली २००एक्स (दोनशेपट घट्ट) पावडर घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा.

कोरफडवाली

विनूदादा, आत्ता शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सरांकडून पट्टी आणून बघितलं. ७ आणि ७.५ च्या मध्ये रंग आला. डोक्यावर हात मारून घेतला. कोर्समध्ये मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की सरबतात सायट्रिक अ‍ॅसिड आधी आणि बेंझोएट नंतर, तेव्हा ते फक्त चवीसाठी असेल असं मला वाटलेलं!

मग आता नुसतं सायट्रिक टाकून पाचावर आणलं की झालं का?

विनू_लॅबवाला

अर्धं झालं. पीएच ५ च्या जरा खाली आणा, पण एक सांभाळा, बेंझोएटच्या घट्ट द्रावणात आम्ल ओतलं की पांढरे स्फटिक खाली बसतात, म्हणून आधी बेंझोएट सगळ्या पाण्यात पातळ विरघळू द्या, मग सायट्रिकचं पातळ द्रावण थेंब थेंब. लोशन तयार झाल्यावर पुन्हा मोजा, आठवड्याने पुन्हा मोजा, पीएच सरकतो. आणि तरीही नुसत्या बेंझोएट-सॉर्बेटवर पाणीदार लोशन सोडायला माझं मन घेत नाही, ही जोडी बुरशीवर बरी चालते पण सुडोमोनाससारख्या जंतूंपुढे दुबळी पडते. ठिपके दिसले म्हणून तुम्हाला कळलं तरी. जंतूंचं तसं नाही, ग्रॅममध्ये दहा लाख असले तरी लोशन पांढरंशुभ्र आणि सुवासिक दिसू शकतं. अमेरिकेत ७० च्या दशकात मस्काऱ्यात वाढलेल्या सुडोमोनासने डोळ्याच्या बुबुळाला जखमा झाल्याच्या केसेस आहेत, आणि आपल्याकडे काजळ घरी करणारे कमी नाहीत.

पर्याय म्हणाल तर दोन जोड्या मी सांगेन. एक, फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन, मिळून येतं, एकूण १ टक्क्याच्या आत. युरोपात फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादाच १ टक्का आहे. पीएचची फार कटकट नाही, पण 'नॅचरल' म्हणता येत नाही. दोन, बेंझाइल अल्कोहोल आणि डिहायड्रोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, हे कॉसमॉससारख्या ऑरगॅनिक सर्टिफिकेटमध्येही चालतं, पीएच साडेपाचच्या खाली ठेवा, बदामासारखा वास येतो तो काहींना आवडत नाही. दोन्ही थंड होताना घालायचं, उकळत्यात नाही. त्याच्या जोडीला सोडियम फायटेट चिमूटभर, ते पाण्यातली धातूची मुलं पकडून ठेवतं आणि जंतूंची तटबंदी ढिली करतं. ग्लिसरीन वाढवा. आणि रुंद तोंडाची बरणी बंद करा हो, पंपाची बाटली घ्या, बोट आत जातंच कशाला?

आडगावचा_आप्पा

'धातूची मुलं' 😂 विनूभाऊ, आयन म्हणायचं होतं का?

विनू_लॅबवाला

हो रे बाबा. मोबाईलने 'मूलद्रव्यं'चं काहीतरी केलं. आता राहू दे.

आडगावचा_आप्पा

माझा एक साधा प्रश्न आहे, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पॅराबेनच का घालत नाही? लोक घाबरतात कशाला ते तरी कुणी सांगेल का?

विनू_लॅबवाला

२००४ साली ब्रिटनमध्ये एक पेपर आला, स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडलं. सापडलं एवढंच, त्याने गाठ झाली असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं, आणि निरोगी पेशींशी तुलनाही केलेली नव्हती. पण बातमी व्हायला तेवढं पुरलं. मग युरोपने २०१४ मध्ये आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल वगैरे पाच पॅराबेन बंद केले, प्रोपाइल आणि ब्युटाइलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली. मिथाइल आणि इथाइल मात्र आजही चालतात, एकेक ०.४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे भीती अगदीच हवेतली नव्हती, पण सगळ्या पॅराबेनना एकाच काठीने झोडपायचंही कारण नव्हतं.

परदेशी_पाटलीण

या मुद्द्यावर मला बोलायचंच आहे. मी इंग्लंडमध्ये राहते. मुलगी लहान असताना ओले वाइप्स रोज हाताळायचे, पुडक्यावर ठळक 'पॅराबेन-फ्री', मनाला केवढं समाधान. तीन-चार महिन्यांत दोन्ही हातांची बोटं फाटायला लागली, खाज अशी की रात्री झोप नाही. आधी भांड्यांचा साबण बदलला, मग हातमोजे, मग सासूबाईंनी फोनवर खोबरेल तेल-हळद सांगितलं तेही झालं. शेवटी पॅच टेस्ट केली, पाठीवर चिकटपट्ट्या लावून. निघालं मिथाइलआयसोथायझोलिनोन. तेव्हा कळलं की पॅराबेन काढून बऱ्याच कंपन्यांनी हेच भरलं होतं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं, आणि युरोपात २०१७ पासून ते अंगावर राहणाऱ्या वस्तूंत बंद झालं, धुऊन टाकायच्या वस्तूंत पण अगदी नाममात्र ठेवलं. त्याच सोसायटीने २०१९ ला पॅराबेनना 'नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हटलं. मी आज पाच पॅराबेन-फ्री क्रीम सोडून एक पॅराबेनवालं घेते आणि इथल्या मैत्रिणी माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

साबणाची_वडी

बापरे. विनू, माझी बाटली आत्ता उलटी करून वाचली, मागे बारीक अक्षरात बेंझेथोनियम क्लोराइड लिहिलंय. इतकी वर्षं मी लोकांना शंभर टक्के नैसर्गिक म्हणून सांगत होते 🤦‍♀️ निदान ते काम तरी करत होतं म्हणायचं.

पण मला एक कळत नाही, आपल्या आज्या काय करायच्या मग? त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

विनू_लॅबवाला

आज्या लोशन करत नव्हत्या!! उटणं कोरडं, दिवाळीला अंघोळीच्या वेळी वाटीत कालवायचं आणि उरलं तर टाकायचं. शिकेकाई-रिठा आदल्या रात्री भिजत, सकाळी उकळून त्याच दिवशी संपवायचं. तेल म्हणजे निव्वळ तेल, जास्वंदीतलं पाणी कढईत तडतडून जाईपर्यंत उतरवायचं नाही, हा नियम त्यासाठीच. काजळ तुपात नाहीतर एरंडेलात. पाणी असलेली वस्तू साठवायचीच नाही, हेच त्यांचं प्रिझर्व्हेटिव्ह. स्वयंपाकघरातही तेच बघा, मोरावळ्यात पाणी असतं पण साखरेने धरून ठेवलेलं, आगळ मिठावर आणि आंबटावर टिकतं, पापड वाळवून. जंतूला मोकळं पाणी मिळालं नाही की तो उपाशी.

बाय द वे बेंझोइक अ‍ॅसिड पहिल्यांदा मिळालं ते लोबानातून, आपण धुरी देतो त्या. म्हणून नावातच बेंझोइन आहे. आज बाजारात मिळतं ते कारखान्यातलं, रेणू तोच. तेव्हा नैसर्गिक की केमिकल हा वाद मी लॅबमध्ये सोडूनच दिलाय.

कोरफडवाली

हे वाचून जावेला दाखवलं, ती म्हणाली मी पहिल्यापासून सांगत होते लोशनच्या नादाला लागू नको, उटण्यावर खूश रहा. (तिने असं कधीच सांगितलं नव्हतं.)

दादा, समजा पाणी नसलेलंच काही केलं, कोकम बटर आणि तिळाच्या तेलाचं बाम, त्यात मेण, तर मग काहीच घालायला नको ना? आणि पुढेमागे लोशन परत सुरू केलं तर ते टिकेल याची खात्री घरी कशी करायची? फ्रिजमध्ये ठेवून बघू का?

विनू_लॅबवाला

बामला जंतूंसाठी काही नको, तिथे तुमचं व्हिटॅमिन ई कामाला येईल कारण तेल खवट होतं. फक्त डब्या अगदी कोरड्या करून भरा, आणि लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहा की ओल्या हाताने घेऊ नका. बाथरूममध्ये ठेवलेल्या बामवर रोज दोन-चार थेंब पाणी पडलं की तुम्ही कितीही कोरडा बनवा, वरच्या थरात बुरशी धरू शकते.

लोशनची खात्री घरी होत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने फक्त उशिरा कळेल. लॅबमध्ये चॅलेंज टेस्ट करतात, त्यात मुद्दाम पाच जंतू सोडतात, स्टॅफिलोकोकस, सुडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा आणि अ‍ॅस्परजिलस, आणि २८ दिवस मोजत बसतात की तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतंय का. खर्च आहे, म्हणून आधी एक फॉर्म्युला पक्का करा, दर बॅचला वेगळं काही नको. आणि हे कटू आहे पण सांगतो, विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे राज्याच्या एफडीएचं लायसन्स लागतं, बचत गट असला तरी. स्वतःची जागा तेवढी नसेल तर लोन लायसन्स असतं, म्हणजे दुसऱ्या लायसन्सवाल्याच्या युनिटमध्ये आपला माल बनवून घ्यायचा. कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह किती चालतं ते आयएस ४७०७ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे, लॅबवाल्याकडे मिळेल.

आडगावचा_आप्पा

म्हणजे आप्पाने बायकोसाठी घरात केलेल्या लोशनला लायसन्स लागत नाही ना? 😄

विनू_लॅबवाला

नाही. पण आठवड्यात संपवा, आणि आधी स्वतःच्या हातावर लावा.

कोरफडवाली

लोशन बंद. पावसाळ्याच्या स्टॉलला उटणं आणि बाम. उरलेल्या सात बाटल्या दिसायला चांगल्या आहेत, पण विनूदादांचं वाचल्यापासून हात लावायची हिंमत होत नाही, फेकल्याच. आता पॅराबेन-फ्रीचं स्टिकर अडीचशे छापून ठेवलंय त्याचं काय करू ते सांगा.

परदेशी_पाटलीण

बामवर लाव. खोटं तर नाहीच.