अनुभव धागा : उपचार एका देशात, नोकरी दुसऱ्या देशात. रजा कशी जुळवलीत?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा रात्री अकराला फोन आला. आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी, पुण्याला जायचंय, क्लिनिक ठरलंय, पैशांची सोय झालीय. तरी आवाज रडवेला. "मॅनेजरकडे किती दिवस मागू? आणि काय सांगून मागू?" मी माझं सांगितलं, पण एकटीच्या अनुभवावर दुसरीनं तिकीट काढावं असं मला वाटत नाही. म्हणून हा धागा. औषधं, खर्च, यशाचे टक्के यावर पुष्कळ बोललं जातं, रजेवर कोणी बोलत नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त रडारड रजेवरूनच झाली. तुम्ही किती दिवस धरले होते, खरे किती लागले, कामावर कुणाला काय सांगितलंत, तेवढं मोकळेपणाने लिहा. नावगाव नको, क्लिनिकचं नाव तर नकोच.

सुरुवात मी करते. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला फार्मसीत डिस्पेन्सर आहे. पहिल्या खेपेला कागदावर हिशेब मांडला: पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग १०-१२ दिवस इंजेक्शनं, मधे दर दोन-तीन दिवसांनी स्कॅन, ट्रिगरनंतर (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) साधारण ३५-३६ तासांनी एग पिकअप (अंडी बाहेर काढणं), तिथून पाचव्या दिवशी ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं). पाळीच्या आदल्या दिवशी कोथरूडला पोचायचं म्हटलं तर २१ दिवसांत सगळं बसत होतं. मी २१ दिवस मागितले, घरात लग्न आहे असं सांगून.

पाळी सहा दिवस उशिरा आली. मी रोज सकाळी उठून बाथरूममध्ये जायची आणि बाहेर आल्यावर आई नुसती तोंडाकडे बघायची. पिकअप झालं तेव्हा रजेचा विसावा दिवस होता. १७ अंडी मिळाली, म्हणजे आनंद व्हायला हवा, पण संध्याकाळपर्यंत पोट इतकं फुगलं की सलवारीची नाडी बांधवेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता ट्रान्सफर नाही, सगळे गर्भ गोठवू, आणि आठवडाभर विमानही नाही, रक्तात गुठळी होण्याची भीती असते. मी बेडरूमचं दार लावून मॅनेजरला फोन केला. लग्नासाठी आलेली बाई आणखी आठ दिवस का थांबतेय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवस बिनपगारी गेले, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'भरवशाची नाही' अशा अर्थाचं वाक्य आलं. ते मला अजून लागतं.

नंतर कळलं ते इथे लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये आयव्हीएफसाठी रजेचा वेगळा कायदेशीर हक्क नाही. इतर वैद्यकीय अपॉइंटमेंटसारखीच ती धरावी, इतकीच अपेक्षा. पण गर्भ आत सोडला की त्या दिवसापासून कायदा तुम्हाला गरोदर मानतो, आणि चाचणी नकारात्मक आली तरी पुढचे दोन आठवडे ते संरक्षण राहतं. आजारी पडलात तर पहिले ७ दिवस डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच लिहून देता येतात. हे माहीत असतं तर मी लग्नाची गोष्ट रचलीच नसती.

दुसऱ्या खेपेला नोकरी नवी होती. मी तारीख मागितलीच नाही, टप्पे लिहून दिले. पाळी आल्याचं कळवेन, त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी ९ दिवस लागतील, तारीख चार दिवस मागेपुढे होईल. फ्रोझन ट्रान्सफरच्या (गोठवलेला गर्भ सोडण्याच्या) गोळ्या लेस्टरमध्येच सुरू केल्या, गर्भाशयाच्या अस्तराचा स्कॅन इथेच खासगीत करून रिपोर्ट पुण्याला मेल केला, अस्तर ८ मिलिमीटर झाल्यावर तिकीट काढलं. सगळं वेळेवर झालं. निकाल नकारात्मक आला.

आणि तेव्हा एक दिवसही रजा शिल्लक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी काउंटरवर उभी होते, आणि पहिलंच प्रिस्क्रिप्शन फॉलिक ॲसिडचं होतं. बाईने हसून सांगितलं, कालच कळलं. मी डब्यावर लेबल चिकटवलं, ते तिरकं लागलं, काढून परत चिकटवलं. तिसऱ्या खेपेला मी निकालानंतरचे तीन दिवस आधीच बाजूला काढून ठेवले. निकाल काहीही येवो, हे तीन दिवस माझे. तेव्हा सकारात्मक आला, पण ते तीन दिवस तेव्हाही लागलेच.

*

दुबई, शाळेत शिक्षिका

ताई, निकालानंतरच्या दिवसांचं वाचून डोळे भरून आले.

आमच्याकडे जुलै-ऑगस्ट शाळेला मोठी सुट्टी, म्हणून मला वाटलं रजेचा प्रश्नच नाही. शाळा नवीन होती, प्रोबेशन चालू होतं आणि प्रोबेशनमध्ये पगारी आजारी रजा मिळत नाही. म्हणजे सुट्टीत बसवायचं नाहीतर पुढच्या वर्षी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला माहेरी आले. तिथे गेल्यावर समजलं की त्या दवाखान्यात 'बॅच' असते. एम्ब्रिऑलॉजिस्ट (प्रयोगशाळेत गर्भ तयार करणारे तज्ज्ञ) मुंबईहून ठरावीक दिवशीच येतात, त्यामुळे सगळ्या बायकांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या देऊन एका तारखेला आणतात. माझ्या आधीची बॅच नुकतीच संपली होती. दोन आठवडे मी नुसती गोळ्या खात बसले. फोनवर सगळं विचारलं होतं, फी, औषधं, राहण्याची सोय. 'बॅच आहे का, पुढची कधी' हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. लहान शहरात जाणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा. आणि गणपती कधी आहेत तेही बघा, आमचे डॉक्टर पाच दिवस गावाला जातात.

शिक्षकांना मुलांच्या आधी हजर व्हावं लागतं. त्यामुळे ट्रान्सफरनंतर चौथ्या दिवशी मी विमानात होते. सासूबाईंना ते अजिबात पटलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले पडून राहण्याने काही फरक पडत नाही. बीटा, म्हणजे गरोदरपणाची रक्तचाचणी, दुबईतच केली. निकाल स्टाफरूममध्ये फोनवर आला, मी वेळापत्रक लावत होते. मुलगा आता सिनियर केजीत आहे.

*

न्यू जर्सी, सॉफ्टवेअर टेस्टिंग

अमेरिकेतल्यांसाठी लिहिते. एफएमएलए नावाचा कायदा १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो आणि नोकरी राखून ठेवतो. पण त्याच मालकाकडे १२ महिने झालेले हवेत, त्या वर्षात १,२५० तास काम हवं आणि कंपनीत ५० माणसं हवीत. मी पगार वाढतो म्हणून नोकरी बदलली आणि सात महिन्यांनी क्लिनिकची तारीख घेतली. माझे जुन्या कंपनीतले चार वर्षांचे दिवस शून्य झाले होते. नवरा म्हणाला, पुण्यातून लॅपटॉपवर काम कर. कंपनीने लॅपटॉप देशाबाहेर न्यायला साफ नकार दिला. बारा महिने पूर्ण होईपर्यंत थांबले. तेव्हा मी ३८ वर्षांची होते, त्या पाच महिन्यांतला एकेक दिवस मोजलाय.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ठळक सांगते. ही रजा सलगच घ्यावी लागते असं नाही, तुकड्यांनी घेता येते. आणि तिचा वैद्यकीय फॉर्म परदेशातल्या डॉक्टरांनी भरलेला चालतो. माझा फॉर्म पुण्याच्या डॉक्टरांनी घाईत भरला, 'किती काळ काम करता येणार नाही' हा रकाना कोरा राहिला, आणि एचआरने अपूर्ण म्हणून परत पाठवला. दुरुस्तीला ७ दिवस मिळतात. त्या सात दिवसांत इथली रात्र म्हणजे तिथला दिवस, रिसेप्शनवर रोज फोन. आता कुणी विचारलं की मी सांगते, फॉर्म प्रिंट काढून घेऊन जा, डॉक्टरांसमोर बसून प्रत्येक रकाना वाचून भरून घ्या, आणि सहीच्या शेजारी शिक्का मारलाय ना ते बघूनच उठा.

व्हिसाचं स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का) त्याच खेपेत उरकून घेऊ, असं आमच्याही मनात आलं होतं. नका करू. दोन अनिश्चित तारखा एकमेकींत अडकवू नका.

*

दापोली, सध्या बोटीवर (सेकंड इंजिनिअर)

इथे बायकाच लिहितायत, पण नवऱ्याच्या रजेचाही प्रश्न असतो. आमच्यात रजा नसते, साइन ऑफ (बोटीवरून उतरणं) असतं, आणि ते रिलिव्हर (बदली माणूस) येईल तेव्हा. पहिल्या वेळी मिसेसची इंजेक्शनं माझ्या उतरण्याच्या तारखेवर बेतली होती. रिलिव्हरचा व्हिसा अडला, बोट बाहेर नांगर टाकून उभी, आणि मी वेळेत पोचलो नाही. ती खेप रद्द करावी लागली. तिने आठ दिवस टोचून घेतलेलं सगळं वाया गेलं, आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वेळी जॉइन व्हायच्या आधी मुंबईत वीर्याचे दोन नमुने गोठवून ठेवले. भारतात या उपचारांसाठी २०२१चा जो कायदा आहे त्यात दोघांचीही लेखी संमती लागते, म्हणून कुठल्या टप्प्याला माझी सही लागेल ते विचारून सगळ्या फॉर्मवर आधीच सह्या करून गेलो. पिकअपच्या दिवशी मी इंजिनरूममध्ये होतो. वर आल्यावर फोन बघितला, तिचा मेसेज होता: "११". दुसऱ्या दिवशी: "८ फलित". एवढेच आकडे. मी ते केबिनच्या कॅलेंडरवर लिहिले, ते कॅलेंडर अजून घरी आहे.

परदेशात नोकरी करणाऱ्या नवऱ्यांनी हे करा. तुम्हाला पूर्ण महिना थांबायची गरज नाही. तुमची रजा वाचवून ट्रान्सफरच्या वेळी, नाहीतर ताई म्हणतायत तशी निकालाच्या वेळी वापरा.

*

ड्रेस्डेन

आमची दिशा वेगळी. जर्मनीत दुसऱ्या स्त्रीने दिलेलं अंडं वापरायला १९९०च्या कायद्याने मनाई आहे. माझी स्वतःची अंडी संपत आली होती. इथल्या विम्याने विवाहित जोडप्याला तीन खेपांचा निम्मा खर्च मिळतो, पण स्त्रीचं वय चाळिशीच्या आत हवं, आणि त्यातल्या दोन आम्ही करून चुकलो होतो. मग प्राग. आमच्याकडून रेल्वेने जेमतेम अडीच तास. चेक कायद्यात अंडं देणारी स्त्री निनावी असते, आणि स्त्रीला ४९व्या वाढदिवसापर्यंत उपचार घेता येतात.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मला वाटलं रजाच नको. नवऱ्याच्या नमुन्याचा एक दिवस, ट्रान्सफरचा एक दिवस, संपलं. पण माझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी अस्तराचा स्कॅन करायला नकार दिला. बाई प्रेमळ आहेत, दहा वर्षांची ओळख, पण म्हणाल्या, "या उपचाराला माझा हात लागायला नको." खटला भरतात तो डॉक्टरवर, स्त्रीवर नाही, म्हणून त्या घाबरल्या. मग प्रत्येक स्कॅनला प्रागच. दोन दिवसांचे पाच झाले, तेही आदल्या दिवशी दुपारी कळायचं की उद्या या. मी टीममध्ये कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचं कारण रजा नव्हतं. दात्रीच्या अंड्याबद्दल माझ्या आईला अजून माहीत नाही, ऑफिसला आधी कसं सांगू? वरच्या ताईंसारखं टप्पे लिहून देणं माझ्याच्याने झालं नाही, आणि ज्यांच्याने होणार नाही त्यांना मी समजू शकते.

*

पुणे, एचआर

मी टेबलाच्या पलीकडे बसते, थोडंच लिहिते. आपल्याकडे कायद्याने गरोदरपणासाठी २६ आठवडे आहेत, गर्भपात झाला तर ६ आठवडे आहेत, पण आयव्हीएफच्या दिवसांसाठी काही नाही. जे मिळतं ते माणसाच्या समजुतीवर. एकीने मला स्पष्ट लिहिलं होतं, "तारीख सांगता येणार नाही, पण आदल्या दिवशी कळवीन." त्या एका ओळीवर मी तिच्या जागी माणूस तयार ठेवू शकले. कारण विचारायची मला गरजही पडली नाही.

*

मेलबर्न

तीन खेपा मुंबईला. वर्षाची चार आठवड्यांची रजा, तीन वर्षं, सगळी तिकडेच गेली. मूल झालं नाही, आम्ही थांबलो, त्याबद्दल आता बोलता येतं.

बोलता येत नाही ते हे. तिसऱ्या खेपेनंतर दोन महिन्यांनी बाबांना साताऱ्याला ॲडमिट केलं. माझ्याकडे रजा उरली नव्हती. बिनपगारी मागितली तर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून घ्या. मी मंगळवारी पोचले, बाबा रविवारीच गेले होते. आई-वडील सत्तरीच्या पुढे असतील तर पाच दिवस त्यांच्या नावाने बाजूला ठेवा. एखादी खेप पुढे गेली तर जाऊ दे.

*

लेस्टर (धागा मीच काढलेला)

मेलबर्नच्या ताई, तुमचं वाचून मी रात्री बाबांना फोन केला.

ज्या मुलीच्या फोनवरून हे सुरू झालं, तिच्या मॅनेजरला काल मेल गेला. मसुदा आम्ही दोघींनी फोनवर बसून केला, एचआरच्या ताईंची ओळ जशीच्या तशी घातली. तिकीट तारीख बदलता येणारं काढलंय, थोडं महाग पडलं. क्लिनिकला बॅचचं विचारलं, नाहीये म्हणाले. तिचा नवरा दोनच आठवडे येऊ शकतो, म्हणून दापोलीच्या दादांना एक विचारते: आधी सह्या केलेले फॉर्म तुम्ही बोटीवर असताना क्लिनिकने जसेच्या तसे चालवून घेतले, की मधे पुन्हा एखादी सही मागितली? जमेल तेव्हा सांगा, ती २२ तारखेला निघतेय.