मदत हवी आहे: नाताळची जुनी सजावट ६०० रुपयांत नीट करायची आहे

घाटावरचा
चिखलदरा तालुक्यातलं गाव, चाळीसेक माणसं मावतील एवढं प्रार्थनागृह. पेटीतून निघालेलं सामान असं: चार फुटी प्लास्टिकचं झाड (धूळ बसलेली, खालच्या फांद्या विरळ), चमकीचे २४ गोळे, त्यातल्या दहा-बाराचा मुलामा उडालेला. एलईडीच्या तीन माळा. दोन अर्ध्याच लागतात, तिसरी बंद. कामट्यांची दोन फुटी चांदणी, कागद झुरळांनी खाल्लेला. गव्हाणीतल्या पीओपीच्या मूर्तींपैकी एका मेंढपाळाचा हात तुटलाय, दोन मेंढरांचे कान गेलेत. सामान परतवाड्याहून एकाच फेरीत आणायचं आहे. काय आणू? गोळ्यांना सोनेरी स्प्रे मारला तर चालेल ना?

सोल्डर_काडी
स्प्रे आणू नका. न फुटणारे हलके गोळे बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात, थर्माकोलचंच भावंड. स्प्रेमधल्या थिनरनं ते चिकट होतात, तडकतात.

आधी माळा. प्लग काढूनच हात लावायचा. या माळांच्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे चालू असताना बारीक तारेवरही २३० व्होल्ट असू शकतात. अर्धी माळ लागते याचा अर्थ आत दोन सर्किटं आहेत आणि एकातला एखादा दिवा तुटलाय. बहुतेक वेळा दिव्याचा पाय गंजून तुटलेला असतो. बंद भागातला एकेक दिवा हलकेच ओढून पाहा, बरेचदा तिथेच हातात येतो. नाही आला तर मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) डायोडच्या खुणेवर ठेवून दिव्याच्या दोन्ही पायांना टेकवा. चांगला लाल-पिवळा दिवा मंद पेटतो. निळा-पांढरा चांगला असूनही पेटत नाही कधी कधी, त्याला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून तो लगेच बाद ठरवू नका.

बंद दिवा गाळून तारा नुसत्या जोडायचा मोह होतो. एखाद्या वेळी खपतं. तीन-चार गाळले की उरलेल्यांवर भार वाढतो आणि तेही एकामागून एक जातात. त्याच रंगाचा दिवा बसवा, लांब पाय पूर्वी होता त्याच बाजूला. तिसरी माळ दुरुस्त करत बसू नका, तिचेच दिवे सुट्या भागांसारखे वापरा. सांध्यावर नुसती टेप नको, तिचा गोंद सुटतो. आधी स्लीव्ह (तारेवर चढवायची बारीक नळी) घाला. माळेची डबी बाहेर टांगणार असाल तर तारा खालच्या बाजूनं निघतील अशी, म्हणजे दव आत उतरत नाही.

खळ_कागद
चांदणीचा सांगाडा शाबूत असेल तर निम्मं काम झालंच आहे. सैल गाठी सुतळी ओली करून पुन्हा बांधा, वाळली की आवळते.

कागद कापताना लोक घोळ घालतात, म्हणून मापं देतो. कामटी २४ इंची असेल तर टोकाच्या त्रिकोणाची बाजू सव्वानऊ इंच आणि पाया साधारण पावणेसहा येतो. पुढच्या आणि मागच्या सांगाड्यांमधले पाच टेकूही पावणेसहा इंचीच ठेवा. मग समोरचे पाच, मागचे पाच आणि कडांचे दहा असे वीसही त्रिकोण एकाच मापाचे होतात. पुठ्ठ्याचा एक नमुना पुरतो. वर दोन पंचकोन, प्रत्येक बाजू पावणेसहा. चिकटवायला सगळीकडे अर्धा इंच जास्त सोडा. पतंगाचा कागद घ्या, आठ-दहा ताव. वरचा एक त्रिकोण एकाच कडेनं चिकटवा, तिथून ५ वॅटचा एलईडी बल्ब घालता येतो. जुना तारेचा बल्ब आत नको, कागद पेटेल.

झुरळं खळीच्या पिठासाठी येतात. १०० ग्रॅम मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग अर्धा लिटर पाण्यात शिजवा. उतरवून प्लास्टिकच्या डब्यात ओता आणि चमचाभर गरम पाण्यात विरघळवलेलं दोन-तीन ग्रॅम मोरचूद मिसळा. लोखंडी किंवा जर्मनच्या भांड्यात मोरचूद घालू नका, भांडं खातं. विषारी आहे, पोरांपासून दूर ठेवा.

घाटावरचा
मापांसाठी आभार. फेविकॉल का नको? आणि झाड, मूर्ती?

खळ_कागद
फेविकॉल चालतो, पण तिकडच्या दवात मऊ पडतो. चांदणी पडवीच्या आत टांगणार असाल तर खुशाल वापरा.

कुटार
राजेहो, झाड कडक पाण्यात बुडवू नोका. पात्या मऊ पडून वळतात, मंग सरळ होत नाईत. बादलीभर कोमट पाणी, दोन चमचे भांड्याचं लिक्विड, ब्रश दांडीकडून टोकाकडं, अन् सावलीत उलटं टांगजा. दांडीत पाणी राहलं की तार गंजते. विरळ फांद्या मागच्या बाजूनं फिरवून भिंतीला लावा, नवीन काई घेऊ नोका.

गोळे धुतांना सोडा नको, मुलामा ॲल्युमिनियमचा असते, सोड्यानं जाते. ज्याचा गेलाच आहे त्याले ४०० नंबरचा पॉलिश कागद हलका फिरवा, फेविकॉल-पाणी निम्मं-निम्मं एक हात, वाळल्यावर सोनेरी ॲक्रेलिकचे दोन पातळ हात.

मेंढपाळाच्या हातात लोखंडी तार घालू नोका, गंजाचा डाग रंगातून वर येते. जुन्या वायरची तांब्याची तार घ्या, दोन्हीकडं भोक पाडून बसवा. जुनं पीओपी आधी ओलं करजा. कोरडं ठेवलं त थे नव्याचं पाणी पिऊन घेते अन् सांधा भुसभुशीत होते. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाई. एक वाटी पाण्याले दोन वाट्या पावडर, पण एका खेपेला चमचाभरच कालवा. घट्ट व्हायले लागलं की पुन्हा पाणी घालून ढवळू नोका, तसं केलं त धरतच नाई. दोन दिवस वाळू द्या, मंगच रंग.

घाटावरचा
गव्हाणीच्या छपरावर कापूस पसरायचा विचार होता, बर्फासारखा. पऱ्हाट्यांचं (कपाशीच्या वाळल्या काड्यांचं) कुंपण पण.

सोल्डर_काडी
कापूस माळेजवळ नकोच. मेणबत्ती असेल तर अजिबात नको.

कुटार
पऱ्हाटीऐवजी तुराट्या घ्या, सरळ असतात. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडात बोंडअळी दडून राहते. छपराले गवत, दोन दिवस उन्हात तापवून.

घाटावरचा
मग यादी अशी: मोरचूद, पतंगाचा कागद दहा ताव, अर्धा किलो पीओपी, सोनेरी ॲक्रेलिक, ४०० नंबरचा कागद, स्लीव्ह. मैदा, सुतळी, तांब्याची तार इथेच आहे. मल्टिमीटर वायरमनकडून मागतो.

सोल्डर_काडी
फेविकॉलची छोटी डबी राहिली, गोळ्यांना लागेल. आणि ५ वॅटचा बल्ब.