मदत हवी आहे : सुट्टीतील संशोधन प्रकल्पाच्या दोन संधींपैकी कोणती घ्यावी?

नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या सत्राची परीक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल. त्यानंतरच्या दोन महिन्यांत संशोधन प्रकल्प करण्याच्या दोन संधी समोर आल्या आहेत. त्यांपैकी एकच घेता येणार आहे आणि होकार कळवायला दहा दिवस उरले आहेत. पीएच.डी.च्या वाटेला जावे की बी.एड. करून शिक्षिका व्हावे, हे मला पुढच्या वर्षी ठरवायचे आहे. तो निर्णय अंदाजाने घ्यावा लागू नये, यासाठी ही सुट्टी उपयोगी पडावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली संधी बेंगळुरूची आहे. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्यासाठी मी नोव्हेंबरमध्ये अर्ज केला होता आणि माझी निवड झाली आहे. विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळेल. संस्था मोठ्या नावाची आहे. विषय गुरुत्वीय भिंगांचा, म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या वस्तुमानामुळे तिच्या मागच्या वस्तूचा प्रकाश वळून एकाच वस्तूच्या अनेक प्रतिमा दिसतात, त्याचा आहे. मार्गदर्शकांनी स्पष्टपणे कळवले आहे की काम मुख्यतः वाचनाचे असेल, शेवटी अहवाल लिहावा लागेल आणि जूनमधील तीन आठवडे ते स्वतः परदेशी असतील.

दुसरी संधी पुण्याची आहे. तिथल्या एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना मी जानेवारीत पत्र लिहिले होते. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून घेतलेली एका दीर्घिकेची निरीक्षणे माझ्या हाती देऊन त्यांपासून प्रतिमा तयार करायला शिकवण्याची त्यांची तयारी आहे. विद्यावेतन नाही, परंतु मावशी हडपसरला राहत असल्याने राहण्याजेवण्याची सोय होईल. माझी अडचण अशी की मला पायथन ही संगणकाची भाषा जेमतेम येते आणि लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली मी कधी वापरलेली नाही. दोन महिन्यांपैकी एक महिना संगणक शिकण्यातच गेला तर हाती काय लागणार, अशी भीती वाटते.

मागच्या सुट्टीत मी साडेचार हजार रुपये भरून एक ऑनलाइन ‘रिसर्च इंटर्नशिप’ केली होती. त्यात ध्वनिमुद्रित व्याख्याने होती, शेवटी पर्यायी उत्तरांची चाचणी होती आणि पंधराव्या दिवशी प्रमाणपत्र आले. संशोधन म्हणजे काय, हे त्यातून मला काहीही कळले नाही आणि ते पैसे घरच्यांनी कष्टाने जमवले होते. त्यामुळे या वेळी चूक होऊ नये असे फार वाटते.

माझा मुख्य प्रश्न असा आहे. मला खगोलशास्त्र आवडते, हे मला ठाऊक आहे. पण संशोधन आवडेल की नाही, हे ठाऊक नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात असे मला हल्ली वाटू लागले आहे. हे कळण्यासाठी वाचनाचा प्रकल्प चांगला की निरीक्षणांचा? शिवाय हा प्रकल्प आमच्या अभ्यासक्रमातील ओजेटीच्या (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) चार श्रेयांकांसाठी धरला जाईल का? आणि ज्यांनी पीएच.डी. केली आहे त्यांनी हेही सांगावे की तेवढ्या वर्षांत चरितार्थ कसा चालतो, कारण वडिलांचा तोच एक प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचे नेमके उत्तर नाही.

प्रतिसाद १

मी रेडिओ खगोलशास्त्रात काम करतो आणि दरवर्षी एकदोन विद्यार्थी सुट्टीत माझ्याकडे येतात, त्यामुळे माझे मत पुण्याच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगतो. तरीही तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देताना तिथे प्रत्यक्षात काय करावे लागेल, तेच लिहितो.

जीएमआरटीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या असल्यामुळे सर्वांत दूरच्या तबकड्यांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी प्रत्येक वारंवारतेला दर काही सेकंदांनी एक मोजमाप नोंदवते. तुमच्या हाती पडेल तो या आकड्यांचा ढीग असेल, आणि त्यात दीर्घिका कुठेही दिसणार नाही.

पहिले काम निवडण्याचे. मोबाईलचे मनोरे, विजेच्या तारा, उपग्रह यांच्या लहरी आकाशातील क्षीण संकेतांपेक्षा कितीतरी तीव्र असतात. अशी बिघडलेली मोजमापे शोधून बाजूला काढावी लागतात आणि हे तांदूळ निवडण्याइतकेच चिकाटीचे काम आहे. त्यानंतर अंशांकन येते. ‘३सी २८६’ सारख्या ज्या स्रोताची तेजस्विता आधीच पक्की माहीत आहे, त्याच्या निरीक्षणांवरून प्रत्येक तबकडी किती कमीजास्त मोजते ते ठरवायचे. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर सतत बदलत असल्यामुळे दीर्घिकेजवळचा दुसरा एक स्रोतही निरीक्षणाच्या वेळी वारंवार पाहिलेला असतो, त्याच्यावरून लहरींच्या कलेतील (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातील) चूक काढायची. मग या मोजमापांपासून चित्र बनवणारी फूरिए रूपांतर ही गणिती क्रिया, आणि तेव्हा कुठे पहिली प्रतिमा.

ती पहिली प्रतिमा बहुधा पट्ट्यापट्ट्यांची आणि निराशा करणारी असते. एखादी तबकडी वीस मिनिटे बिघडलेली होती आणि ते तुमच्या नजरेतून सुटले, एवढ्यानेही सगळे चित्र खराब होते. ती चूक शोधण्यात दोनतीन दिवस जातात. काही विद्यार्थी अशा वेळी दुपारी चारलाच घरी जातात आणि काहींना रात्री अंथरुणात पडल्यावर सुचते की अमुक जोडी तपासायची राहिली आहे. माझ्या अनुभवात पहिल्या गटातील मुलेही हुशार असतात, परीक्षेत त्यांना गुणही उत्तम असतात. त्यांना हे काम नको असते, इतकेच. तुम्ही कोणत्या गटात आहात, ते पुस्तक वाचून कळणार नाही.

लिनक्सची भीती बाळगू नका. लागणाऱ्या आज्ञा वीसपंचवीस असतात आणि आठवड्यात हात बसतो. प्रतिमा तयार करण्याच्या कासा या प्रणालीला पायथनच्या आज्ञा चालतात, त्यामुळे तुम्हाला येते तेवढे पायथन सुरुवातीला पुरेल.

बेंगळुरूच्या प्रकल्पाला मी कमी लेखत नाही. गुरुत्वीय भिंगाचे पहिले उदाहरण १९७९ साली दुहेरी क्वेसारच्या (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र) रूपाने सापडले आणि आज त्या विषयात भरपूर काम चालू आहे. परंतु निव्वळ वाचनाच्या प्रकल्पात विद्यार्थी अनेकदा दुसऱ्यांच्या वाक्यांचा सारांश लिहून परततो. तिथे जाणारच असाल तर मार्गदर्शकांना आजच विचारा की एखादे छोटे गणित, उदाहरणार्थ एका साध्या भिंगासाठी प्रतिमांच्या जागा काढणे, मी स्वतः आज्ञावली लिहून करू शकेन का. ते हो म्हणाले, तर तो प्रकल्पही मोलाचा ठरेल.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र अवश्य विचारा : रोज अडल्यावर मी कोणाकडे जायचे? मोठे शास्त्रज्ञ आठवड्यातून तासभर भेटतात. रोजचे शिक्षण त्यांच्याकडच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडून होते. संस्थेच्या नावापेक्षा मी या उत्तराला अधिक वजन देईन.

प्रतिसाद २

मी सहा वर्षांपूर्वी असाच उन्हाळी प्रकल्प केला आणि त्यानंतर पीएच.डी. न करण्याचा निर्णय घेतला. आज कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मला प्रयोगशाळेतील एकांत मानवला नाही, आणि ते दोन महिन्यांत कळले. पाच वर्षांनी कळले असते तर फार जड गेले असते. म्हणून ‘नाही’ असे उत्तर आले तरी सुट्टी वाया गेली असे समजू नका.

वडिलांच्या प्रश्नाविषयी : जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता. मात्र जेआरएफ किंवा संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती हाती नसताना पीएच.डी.ला प्रवेश घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन. माझ्या दोन मैत्रिणी विनावेतन अडकून पडल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे धरली आहेत. विज्ञान शाखेत पाच वर्षे गृहीत धरून घरी बोला, म्हणजे नंतर खुलासे करावे लागणार नाहीत.

पुण्यात राहणारच असाल तर आयुका या तिथल्या खगोलशास्त्र संस्थेच्या सुट्टीतील विद्यार्थी उपक्रमाचीही माहिती काढून ठेवा. त्यात चांगले काम करणाऱ्यांची मुलाखतीनंतर पीएच.डी.साठी आगाऊ निवड होऊ शकते. यंदाची मुदत संपली असेल, पण तुमच्या मागच्या वर्गातील मुलींना सांगता येईल. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचाही असा उपक्रम आहे. आपल्या भागातील महाविद्यालयांत या गोष्टी सूचनाफलकावर लागतच नाहीत, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आणखी एक. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. काय केले, काय फसले, का फसले, तारखेसह. पुढे मुलाखतीत ‘या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले’ असे विचारतात तेव्हा ती वही उपयोगी पडते, आणि मार्गदर्शकांना शिफारसपत्र लिहितानाही तिच्यावरून नेमके काही लिहिता येते.

प्रतिसाद ३

ओजेटीबद्दल : दुसऱ्या सत्रातील ओजेटीसाठी संशोधन संस्था चालेल की नाही, हे महाविद्यालय ठरवते. प्रकल्प सुरू होण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, तासांची नोंद ठेवा आणि संस्थेच्या पत्रावर तासांचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. नंतर परवानगी मागायला गेलात तर कठीण जाते.

धागालेखिकेचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादात सांगितल्याप्रमाणे मी दोन्ही मार्गदर्शकांना पत्रे लिहिली. बेंगळुरूच्या सरांचे उत्तर फार सौजन्याचे होते. स्वतंत्र गणित करता येईल, पण ते परदेशी असताना त्यांच्या गटात दुसरे कोणी नसेल, असे त्यांनी मोकळेपणाने कळवले. पुण्याच्या मॅडमनी लिहिले की त्यांची एक विद्यार्थिनी त्याच खोलीत बसते आणि दर शुक्रवारी सगळा गट एकत्र बसून कामाचा आढावा घेतो. त्यांनी सरावासाठी निरीक्षणांचा एक छोटा संचही पाठवला.

तो संच मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दोन रात्री उघडून पाहिला. पहिल्या रात्री काहीच जमले नाही. दुसऱ्या रात्री एका तबकडीचे आकडे बाकीच्यांपेक्षा निराळे दिसतात, हे माझे मी ओळखले आणि मॅडमना कळवले. ती तबकडी त्या दिवशी खरोखरच बंद होती. ते उत्तर वाचून मला इतका आनंद झाला की मी आईला झोपेतून उठवून सांगितले.

मी पुण्याला होकार कळवला आहे. बेंगळुरूची जागा आजच सोडली, म्हणजे प्रतीक्षा यादीतील कोणाला तरी ती वेळेत मिळेल. विभागप्रमुखांनी ओजेटीसाठी तोंडी होकार दिला आहे, लेखी पत्र सोमवारी घेणार आहे. वडिलांना विद्यावेतनाचे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि ‘आधी ही सुट्टी होऊ दे’ एवढेच म्हणाले.

आता एकच शंका उरली आहे. माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. घरचे उसने पैसे घेऊन तो घेण्याच्या विचारात आहेत. या कामासाठी किमान किती क्षमतेचा लागेल?

प्रतिसाद १ च्या लेखकाचे उत्तर

उसनवारी करू नका. एका निरीक्षणाची फाईल कितीतरी गिगाबाइटची असते आणि ती घरच्या लॅपटॉपवर कोणीच चालवत नाही. काम संस्थेच्या संगणकावर होते. मॅडमना विचारा, तुमच्यासाठी खाते उघडून ठेवतील.