भाच्यासाठी दोन अक्षरी, वेगळं नाव हवंय (रविवारी बारसं!)

गोदाकाठची: रविवारी भाच्याचं बारसं आहे आणि नाव अजून ठरत नाहीये. दोन अक्षरीच हवं आणि सहसा कुणाचं नसलेलं. आरव, विहान वगैरे कृपया नकोत. नावाला मूळ हवं, म्हणजे कुणाचं होतं, कुठून आलं ते सांगता यायला हवं. नेटवरच्या याद्यांचा वीट आलाय, तिथे निम्म्या नावांपुढे 'विष्णूचं एक नाव' एवढंच असतं. पाळण्यापाशी कानात कुर्रर्र मीच करणार, त्यामुळे सगळे मलाच विचारतायत. लवकर सुचवा.

मोगरा_७: अक्षर काय निघालंय? ते न सांगता कसं सुचवणार? आमच्याकडे यश आहे. सोपं, अर्थ सगळ्यांना कळतो.

सह्यकडा: हाल ठेवा. सातवाहन राजा, गाथासप्तशतीचं संकलन त्याच्या नावावर आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा! आपल्या मातीतलं इतकं जुनं नाव कुठे मिळणार?

मोगरा_७: अहो, शाळेत पोराचे हाल होतील.

सह्यकडा: मग यास्क. निरुक्त लिहिणारा. शब्दांची मुळं शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याचं नाव.

जुना_मास्तर: आधी दोन अक्षरी म्हणजे काय ते ठरवा. लिहिताना दोन की बोलताना? रोहन लिहायला तीन, म्हणताना रो-हन. आणि जोडाक्षर चालेल का?

गोदाकाठची: लिहिताना दोन. जोडाक्षर चालेल. अक्षर 'का' आहे.

सह्यकडा: कुत्स! ऋग्वेदातला ऋषी.

जुना_मास्तर: 'का' म्हणजे मृगाचा तिसरा चरण. 'कू' आर्द्रेत जातं, त्यामुळे कुत्स आणि कुश दोन्ही बाद. क आणि का मात्र एकच धरतात.

सह्यकडा: मास्तर, चरणाचं अक्षर पत्रिकेतल्या जन्मनावाला. हाक मारायचं नाव वेगळं ठेवणारी कितीतरी घरं आहेत. एका अक्षरापायी चांगलं नाव का घालवायचं?

जुना_मास्तर: ते खरंय. पण त्यांनी अक्षर सांगितलंय म्हणजे घरात कुणीतरी ते पाळणारं आहे. बारशाला आलेल्या सगळ्या मावश्या-काकवांना तुम्ही समजावणार का?

विसावा: कच! बृहस्पतीचा मुलगा, संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडे गेलेला. असुरांनी त्याला जाळून ती राख मद्यातून गुरूंनाच पाजली, तरी गडी विद्या घेऊनच परतला. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, मागे एवढी कथा!

मोगरा_७: आणि पहिल्याच भांडणात पोरं म्हणणार, याने कच खाल्ली.

विसावा: पोरं कुठल्याही नावाचं काहीतरी करतातच. त्या भीतीने नाव ठेवायचं झालं तर एकही उरणार नाही.

दप्तरी: जन्माची नोंद २१ दिवसांत करून टाका, नावाशिवायही होते. मग १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. स्पेलिंग पहिल्या फटक्यात नीट लिहून द्या, नंतर पासपोर्टला फार त्रास होतो.

गोदाकाठची: नोंद झालीय हो. मला नाव हवंय!

नभांगण: क्रतु घ्या. सप्तर्षींतला पहिला तारा. पुलह आणि क्रतु जोडून ती रेघ तशीच पुढे नेली की थेट ध्रुवावर जाते. मुलगा जरा मोठा झाला की गच्चीवर नेऊन त्याला त्याचा तारा दाखवता येईल. क्रतु म्हणजे यज्ञ, संकल्पही. शतक्रतु हे इंद्राचं नाव त्यातूनच आलंय.

जुना_मास्तर: मराठीत क्रतू, शेवटचा उकार दीर्घ.

नभांगण: विशेषनाव आहे. आईवडील लिहितील ते बरोबर.

जुना_मास्तर: तत्सम शब्द आहे, एकटा आला की दीर्घच. गुरू लिहिता ना?

मोगरा_७: ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या, फोनवर ते ऋतू ऐकू येणार. सगळे विचारतील, मुलगी झाली का?

गिरणाकाठ: ताई, मुलाला थोरलं भावंड आहे का? असेल तर नाव सांगा.

गोदाकाठची: बहीण आहे, ऋचा.

गिरणाकाठ: मग कण्वच ठेवा. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातल्या कितीतरी ऋचा कण्वकुळातल्या ऋषींच्या आहेत. शुक्ल यजुर्वेदाची काण्व शाखा त्यांच्याच नावाची. आमच्या जळगावजवळ कानळद्याला गिरणेकाठी कण्वाश्रम आहे. आणि शकुंतलेला ज्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि सासरी पाठवताना ज्यांना गलबलून आलं, तेच हे कण्व. मुलाला सांगायला याहून चांगलं काय हवं?

सह्यकडा: यास्कनंतर हेच. पटलं.

पाहुणा_१२: मुलीसाठी 'स' वरून तीन अक्षरी सुचवा प्लीज.

दप्तरी: इंग्रजीत लिहिताना ण आणि न एकच होतात, आणि शेवटचा एक ए घालायचा की दोन, तेही आत्ताच ठरवा.

गोदाकाठची: गिरणाकाठ, मनापासून आभार. भावाला फोन केला, त्याला आणि वहिनीला कण्व फार आवडलं. आई मात्र म्हणतेय, आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, कण्व आणि कर एका दमात म्हणताना जीभ अडखळते. तिला क्रतू पटतंय. रविवारपर्यंत 'क' वरून अजून काही असेल तर सांगा, कच सोडून.