बँकॉकची नदी आणि कालवे: सासूसासरे, मुलं सोबत. कोणती बोट, कुठून घ्यावी?

प्रतापनगर_मयूरी
डिसेंबरात नागपूरहून कोलकात्यामार्गे बँकॉकला जातोय. सहा जण आहोत: आम्ही दोघं, मुलं 12 आणि 9 वर्षांची, आणि सासूसासरे. सासूबाई पायऱ्या चढतात, पण गुडघ्यांमुळे उडी मारणं किंवा घाईत पाय टाकणं जमत नाही. एक अख्खा दिवस पाण्यावर घालवायचा आहे. एजंट कालव्यांच्या सहलीचे माणशी पैसे सांगतोय. हे आपलं आपण जमेल का? सेन सेप कालव्यावर स्वस्त लोकल बोट चालते म्हणतात, ती घ्यावी का?

नकाशेवाला_धरमपेठ
जमतं, आणि सोपं आहे. नदी आणि कालवे या दोन वेगळ्या गोष्टी समजा, दोन्हींसाठी बोटी वेगळ्या घ्या.

चाओ फ्राया नदीसाठी भाड्याची बोट नको. बीटीएसने (शहरातली उन्नत रेल्वे) सफान ताकसिन स्टेशनला उतरा, खालीच साथोर्नचा मुख्य धक्का आहे. नारिंगी झेंड्याची बोट रोजच्या प्रवाशांची, कुठेही उतरा, साधारण 16 बाट. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट त्याहून महाग, पण गर्दी कमी आणि बसायला जागा मिळते. सासूबाईंसाठी निळीच घ्या. धक्क्यावर "सगळ्या बोटी इथूनच" म्हणत काही लोक महागड्या तिकिटाकडे वळवतात. त्यांचं ऐकू नका, बोटीवरच्या झेंड्याचा रंग पाहा.

सकाळी साथोर्नहून वर जाताना डाव्या बाजूला बसा. ऊन बहुतेक उजवीकडून येतं आणि वाट अरुणही (थाईत 'वाट' म्हणजे मंदिर) डावीकडेच लागतं. थातियेनच्या धक्क्याला उतरलात की वाट फो समोरच, आणि पलीकडे वाट अरुणला जायची फेरीबोट जवळच्या धक्क्यावरून, साधारण 5 बाट.

खरी गडबड होते ती चढता-उतरताना. नारिंगी बोट धक्क्याला फार वेळ थांबत नाही. मागे उभा असलेला पोरगा शिट्टी वाजवून चालकाला खुणावतो, बोट मागे-पुढे होते, तो खुंटीला दोर अडकवतो. दोर ताणला की मगच पाय टाकायचा, त्याआधी नाही. उतरायचा धक्का यायच्या आधीच मागच्या भागात येऊन उभे राहा, पण तिथली भिक्खूंसाठी राखलेली जागा सोडून. बायकांनी त्यांच्या शेजारी बसायचं नसतं.

थोनबुरी_प्रेमी
कालव्यांसाठी मात्र लाँगटेल बोटच (लांब दांड्याच्या इंजिनाची होडी) घ्या, ती थाचांग, थातियेन किंवा साथोर्नच्या धक्क्यावर मिळते. भाडं बोटीमागे ठरतं, माणशी नाही. तासाला 1000 ते 1500 बाटच्या आसपास बोलणी होतात. सहा जणांना एकच बोट पुरते, म्हणून एजंटचा माणशी दर इथे महागच पडतो.

ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहून दाखवा: किती तास, कोणते कालवे, कुठे उतरायचं, शेवटी कुठे सोडायचं. एका तासाच्या फेऱ्या बहुधा ख्लाँग मोनमधून ('ख्लाँग' म्हणजे कालवा) आखूड वळण घेऊन परत येतात, म्हणजे निम्मं राहूनच जातं. तुम्ही दोन तास घ्या. वाट कल्याणमितजवळून बँकॉक याय कालव्यात शिरायचं, वाट पाकनामची 69 मीटर उंच बुद्धमूर्ती पाहायची, ख्लाँग बांग लुआंगवरच्या लाकडी घरांपाशी थांबायचं, आणि बँकॉक नॉयमधून राजनौकांच्या संग्रहालयावरून नदीत परतायचं.

हा वळसा घ्यायचं कारण फार मोलाचं आहे. चाओ फ्रायाचं मूळ पात्र हेच होतं! 1542 च्या सुमारास अयुथ्थया या जुन्या थाई राज्याच्या राजाने जहाजांसाठी जवळची वाट म्हणून मधून कालवा खोदवला, पाणी तिकडे वळलं आणि तो रुंदावत गेला. आज वाट अरुणसमोर जी भव्य नदी दिसते ती माणसाने खोदलेली आहे, आणि जुनी नदी आता कालवा म्हणून ओळखली जाते. मुलांना नकाशावर तो घोड्याच्या नालेसारखा वळसा आधी दाखवा, मग बोटीत फिरताना त्यांना सगळं उलगडेल.

कालव्याच्या तोंडाशी पाण्याचं दार असतं. आत-बाहेरची पातळी सारखी होईपर्यंत बोटी थांबतात. हा वेळ भाड्यात धरलाय का, हे आधीच विचारा, नाहीतर शेवटी वाद होतो.

प्रतापनगर_मयूरी
धन्यवाद दादा! लाँगटेलमध्ये सासूबाईंना चढवायचं कसं? ती फारच खाली दिसते फोटोत.

थोनबुरी_प्रेमी
खालीच असते ताई, आणि ओहोटीला आणखी खाली जाते, कारण नदीवर समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम होतो. पायऱ्यांचा किंवा तरंगता धक्का मागा. आधी तुमच्यापैकी एक जण आत उतरा, मग सासूबाईंनी धक्क्यावर बसून पाय बोटीच्या मध्यावर टेकवायचे, कडेवर नाही. कडेवर वजन पडलं की बोट कलते. एका वेळी एकच माणूस. त्यांना मधल्या बाकावर बसवा: पुढे पाणी उडतं, मागे इंजिनाचा आवाज कान फाडतो. ते ट्रकसारखं मोठं इंजिन असतं, लांब दांड्याच्या टोकाला पंखा. जलपर्णी त्या पंख्यात अडकली की चालक दांडा वर उचलून ती काढतो. घाबरू नका, दोन मिनिटं लागतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, मुलांसाठी लहान मापाची निघण्याआधीच मागून घ्या.

मनीषनगर_खादाड
सेन सेप कालव्याची बोट सासूबाईंना नको, स्पष्टच सांगते. ती ऑफिसला जाणाऱ्यांची बोट आहे, क्षणभर थांबते, आणि आत जायला कठड्यावरून पाय टाकावा लागतो. पाणी घाण आहे. समोरून बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात. थेंब डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. पूल इतके खाली आहेत की काही ठिकाणी छत उतरवतात. मुलांना घेऊन तुम्ही दोघं जा, प्रतुनामच्या थांब्यापासून फान फा या थांब्याच्या बाजूला एक टप्पा पुरे. प्रतुनामच्या पलीकडून येत असाल तर तिथे बोट बदलते, तिकीट जपून ठेवा. सासूसासऱ्यांना तेवढा वेळ हॉटेलवर आराम करू द्या.

नकाशेवाला_धरमपेठ
भरतीबद्दल एक भर घालतो. पाणी फार चढलं की थोनबुरीतल्या (नदीच्या पश्चिमेकडचा, कालव्यांचा भाग) बुटक्या पुलांखालून लाँगटेल जात नाही आणि चालक वाटेतच मार्ग बदलतो. म्हणून आदल्या दिवशी बँकॉकचं भरतीचं वेळापत्रक पाहा, आणि सकाळी नऊच्या आत निघा, ऊनही कमी लागतं. शनिवार-रविवार असेल तर तालिंग चानचा तरंगता बाजार याच फेरीत जोडता येतो, पण मग दोन नाही, तीन तास सांगा. नारिंगी बोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास विरळ होत जातात, त्याआधी साथोर्नला परत या.