सेंद्रिय कण न विरघळणारे धरले की ढगबिंदूंचा हिशेब कमी का पडतो?

प्रश्न : हिवाळ्यातली महाबळेश्वरची हवा. एरोसोलमध्ये (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांमध्ये) वजनाने ७० टक्के सेंद्रिय, ३० टक्के अमोनियम सल्फेट. सेंद्रिय भागाचा कप्पा (κ, म्हणजे पदार्थ किती पाणी धरतो त्याचं माप) शून्य धरून ०.३ टक्के अतिसंपृक्ततेला (आर्द्रता १०० टक्क्यांच्या ०.३ टक्के वर असताना) किती कण ढगबिंदू होतील ते काढलं. सीसीएन काउंटर (किती कणांवर ढगबिंदू बनतात ते मोजणारं यंत्र) त्याहून बरेच जास्त मोजतो. चूक कुठे?

प्रतिसाद १ : शून्य धरण्यातच. जुना, ऑक्सिडीकरण झालेला सेंद्रिय भाग पाणी धरतो. त्याचा कप्पा साधारण ०.१, सल्फेटचा ०.६.

आधी वजनाचं आकारमान करून घ्या, हे बहुतेकजण विसरतात. सेंद्रिय भागाची घनता १.४ आणि सल्फेटची १.७७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली तर ७०:३० चं जवळपास ७५:२५ होतं. मग मिश्रणाचा कप्पा = ०.७५ × ०.१ + ०.२५ × ०.६ = ०.२२५. तुमच्या पद्धतीने तो फक्त ०.१५ येतो. कोहलर समीकरणात (कणाचा आकार आणि कप्पा यांवरून तो कोणत्या अतिसंपृक्ततेला बिंदू होईल ते सांगणाऱ्या) घाला : ०.३ टक्क्याला बिंदू होण्यासाठी लागणारा कोरडा व्यास तुमच्या हिशेबात १०० नॅनोमीटर, खरा ८८ च्या आसपास. या १२ नॅनोमीटरच्या पट्ट्यात कणांची गर्दी असते, तेवढे सगळे तुम्ही गाळलेत.

ताज्या धुराला मात्र ०.१ डोळे झाकून लावू नका. ऑक्सिजन-कार्बन अणूंच्या गुणोत्तराला ०.३ ने गुणलं की बरा अंदाज मिळतो.

प्रतिसाद २ : यंत्रही तपासा. कॅलिब्रेशन (ओळखीच्या कणांवरून यंत्राचा आकडा जुळवणं) पुण्यात करून यंत्र वर नेलं असेल, तर कमी दाबामुळे यंत्रातल्या त्याच तापमान-फरकाला (ज्यातून ते अतिसंपृक्तता तयार करतं) खरी अतिसंपृक्तता पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कमी असते. म्हणजे तुमची तफावत आणखी वाढेल! अमोनियम सल्फेटने जागेवरच पुन्हा कॅलिब्रेट करा. कणांना विद्युतभार देऊन आकारानुसार वेगळे करून मोजत असाल तर दुहेरी विद्युतभाराचे मोठे कण लहान व्यासाच्या रकान्यात घुसतात. आलेखाच्या डाव्या टोकाला शून्यावर न येणारी सपाट रेघ दिसली तर समजा तेच, आणि ती वजा करा. हवा सुकवणाऱ्या सिलिका जेलचा रंग उतरला असेल तर तो आधी बदला. ओले कण मोठे मोजले जातात.

प्रश्नकर्ता : सेंद्रिय पदार्थांनी पृष्ठताण उतरतो, तोही धरू का?

प्रतिसाद १ : ७२ वरून ६० मिलिन्यूटन प्रति मीटर धरलात तर ८८ चे थेट ७३ नॅनोमीटर होतील. पण ०.१ हा कप्पा पाण्याचाच पृष्ठताण धरून काढलेला असतो, म्हणजे तो परिणाम त्यात आधीच मुरलेला आहे. दोनदा मोजू नका.